शब्द ग्राहकाचे, पत पेढीची

सांगलीच्या पेठेतील हळदीच्या एखाद्या जुन्या दुकानात दिवसभर उभे राहिले, तर एकाच मालाची किती नावे कानी पडतात! लग्नघरातून आलेली गृहिणी हळकुंडे मागते. खानावळीचा मालक 'राजापुरी, पाच किलो, दळून' एवढेच सांगतो. नातवाला मुका मार लागला म्हणून आलेल्या आजीबाईंना आंबेहळद हवी असते. नोकरी करणारी तरुणी 'पॉलिश न केलेली आहे का?' असे विचारते, तर सीमेपलीकडून आलेला गिऱ्हाईक 'अरिशिण' म्हणतो. गादीवर बसलेले वडीलधारे गृहस्थ यांपैकी कोणालाही परत पाठवीत नाहीत. पहिला शब्द ऐकताच कोणाला काय हवे आहे, कोणत्या डब्याकडे हात करावयाचा आणि कोणाला 'ही ती हळद नव्हे' असे सांगावयाचे, हे त्यांना उमगते.

तेच दुकान इंटरनेटवर गेले की गादीवरचा हा जाणता माणूस मध्ये राहत नाही. ग्राहक भ्रमणध्वनीवर आपला शब्द टंकतो आणि गूगलसारखे सर्च इंजिन त्या शब्दाला जुळणारी पाने क्षणात समोर ठेवते. पेढीच्या पानावर ग्राहकाची भाषाच नसेल, तर उत्तम माल असूनही ते पान त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच 'कीवर्ड', म्हणजे शोधशब्द आणि त्यांच्याभोवतीचे संबंधित शब्द, हा विषय आज केवळ संगणकतज्ज्ञांचा राहिलेला नाही. तो व्यापाराचा विषय झाला आहे, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे पेढीच्या पतीचाही.

पाचांत एकाचाही मेळ नाही

एकाच वस्तूला माणसे किती वेगवेगळी नावे देतात, याचा शास्त्रशुद्ध अभ्यास अमेरिकेतील बेलकोर या संशोधनसंस्थेतील शास्त्रज्ञांनी केला आणि १९८७ साली तो प्रसिद्ध केला. पाककृती, विक्रीस काढलेल्या वस्तू, संगणकाला द्यावयाच्या आज्ञा अशा निरनिराळ्या क्षेत्रांत त्यांनी लोकांना वस्तूंना आपल्या मनाने शब्द देण्यास सांगितले. दोन व्यक्तींनी एकाच वस्तूसाठी एकच शब्द निवडण्याची शक्यता प्रत्येक क्षेत्रात २० टक्क्यांहूनही कमी आढळली. एखाद्या जाणकाराने कितीही विचारपूर्वक 'योग्य' नाव ठरविले, तरी बहुतेक लोक ती वस्तू दुसऱ्याच नावाने शोधणार, हा त्यातून निघालेला निष्कर्ष होता. यावर संशोधकांनी सुचविलेला उपायही सरळ होता : एका वस्तूकडे नेणाऱ्या अनेक नावांच्या वाटा उघड्या ठेवाव्यात.

व्यापाऱ्याची अडचण नेमकी येथेच असते. मालाची नावे तो व्यापाऱ्याच्या भाषेत जाणतो. सौद्यातील प्रत, गड्डा आणि हळकुंड यांतील भेद, कोणत्या भागातील माल, हे सारे त्याच्या जिभेवर असते. परंतु मुंबईतील फ्लॅटमध्ये राहणाऱ्या गृहिणीने 'प्रत' हा शब्द त्या अर्थाने कधी वापरलेलाच नसतो. ती 'घरगुती शुद्ध हळद' असे शोधते. दोघांच्या मनात माल एकच असतो. त्यांची गाठ मात्र पडत नाही.

शब्द मोजणारे यंत्र ते अर्थ पाहणारे यंत्र

सर्च इंजिनाची वाटचाल समजून घेतली की संबंधित शब्दांचे मोल लक्षात येते. संगणकाने दस्तऐवज शोधण्याचे शास्त्र इंटरनेटहून जुने आहे. १९७२ साली केंब्रिज येथील कॅरेन स्पार्क जोन्स या विदुषीने एक मूलभूत विचार मांडला : जो शब्द सर्वच दस्तऐवजांत आढळतो, त्याचा शोधासाठी फारसा उपयोग नाही, जो मोजक्याच ठिकाणी आढळतो, तो अधिक वजनदार. व्यापाऱ्याला हे पटकन पटावे. 'उत्तम', 'दर्जेदार', 'वाजवी दर' हे शब्द प्रत्येक दुकानाच्या पाटीवर असतात. त्यांनी एक दुकान दुसऱ्यापासून वेगळे ओळखू येत नाही. 'राजापुरी हळकुंड' या दोन शब्दांनी मात्र येते.

इंटरनेटवरील आरंभीची सर्च इंजिने शब्दांच्या मोजणीवर पुष्कळच विसंबून असत. त्याचा गैरफायदा घेणारेही लगेच निपजले. एकच शब्द पानावर शंभर वेळा लिहिणे, पांढऱ्या पृष्ठभागावर पांढऱ्याच अक्षरांत शब्दांच्या रांगा दडविणे, पानाच्या अदृश्य भागातील 'मेटा कीवर्ड' या रकान्यात वाटेल ते शब्द कोंबणे, असे प्रकार सर्रास झाले. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्थापन केलेल्या गूगलने शब्दांच्या जोडीला आणखी एक कसोटी लावली : इतर किती आणि कोणती पाने या पानाचा निर्देश करतात. बाजारात ज्या पेढीचे नाव इतर जाणते व्यापारी घेतात ती भरवशाची, असा हा न्याय होता. मेटा कीवर्डचा रकाना क्रमवारीसाठी आपण विचारात घेत नाही, हे तर गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीरच केले. तरीही तो रकाना भरून देण्याचे पैसे आकारणारे आजही भेटतात.

पुढचा प्रवास शब्दाकडून अर्थाकडे झाला. २०११ मध्ये गूगलने निकृष्ट, पोकळ मजकुराची पाने मागे टाकणारा बदल केला. २०१३ च्या बदलानंतर सुटे शब्द जुळविण्याऐवजी संपूर्ण प्रश्नाचा रोख पाहण्यावर भर आला. २०१९ च्या ऑक्टोबरात 'बर्ट' ही भाषा समजून घेणारी प्रणाली इंग्रजी शोधांसाठी लागू झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ती मराठीसह सत्तरहून अधिक भाषांत आली. वाक्यातील लहानसहान शब्दांनी अर्थ कसा फिरतो, हे टिपणे हे तिचे काम. 'हळदीचे लोणचे' आणि 'हळदीशिवाय लोणचे' यांत ठळक शब्द दोनच आणि तेही समान. अर्थ मात्र अगदी उलट. केवळ शब्द मोजणाऱ्या यंत्राला हा भेद कळणे कठीण होते.

संबंधित शब्द म्हणजे नेमके कोणते?

संबंधित शब्द म्हणजे केवळ समानार्थी शब्द, हा समज अपुरा आहे. हळदीचेच उदाहरण पुढे नेले, तर त्यांचे चार गट पडतात.

पहिला गट नावांचा. हळद, हल्दी, टर्मरिक ही एकाच वस्तूची नावे; शिवाय मराठी शब्द रोमन लिपीत टंकणारे लोक एकाच नावाची निरनिराळी वर्णजुळणी करतात, ती वेगळीच. दुसरा गट प्रकारांचा : ओली हळद, हळकुंड, हळद पावडर, राजापुरी, सेलम, वायगाव. तिसरा गट गुणांचा आणि प्रक्रियेचा : रंग, वास, कुरकुमिनचे प्रमाण, शिजविणे, वाळविणे, पॉलिश, दळण, साठवण. चौथा गट प्रश्नांचा, आणि व्यापाराच्या दृष्टीने हाच सर्वांत मोलाचा : 'हळदीत भेसळ कशी ओळखावी?', 'वर्षभराची हळद कशी साठवावी?', 'हळकुंडे दळून मिळतात का?'

हे चारही गट एकाच पानावर ओतावयाचे नसतात. आंबेहळद शोधणाऱ्याला स्वयंपाकाची हळद नको असते. ती वनस्पतीच वेगळी आहे. ओली हळद शोधणाऱ्याला बहुधा लोणचे घालावयाचे असते. लग्नासाठी हळकुंडे शोधणाऱ्याला कुरकुमिनची टक्केवारी वाचण्यात रस नसतो. शब्द जवळचे दिसले, तरी त्यांमागील हेतू निराळे असतात. एक हेतू, एक पान, ही विभागणी ज्या पेढीने नीट केली, तिचे निम्मे काम झाले. मग त्या एका पानावर त्या हेतूशी निगडित असलेले शब्द आपोआपच जमू लागतात. साठवणीविषयी प्रामाणिकपणे लिहावयास बसलेल्या सांगलीकराला कृष्णाकाठच्या हरिपूरची पेवे आठवल्यावाचून राहणार नाहीत; जमिनीखालच्या ज्या पेवांत हळद वर्षानुवर्षे साठविली जाई, त्यांचा उल्लेख त्या पानावर आला, तर तो कोणी सुचविलेला कीवर्ड म्हणून येत नाही, लिहिणाऱ्याला विषय ठाऊक आहे म्हणून येतो. वाचकाला तो उपयोगी वाटतो, आणि पान खरोखर कशाविषयी आहे, हे ठरविण्यास यंत्रालाही त्याची मदत होते.

शब्दांची वही

असे शब्द मिळवावयाचे कोठून? पहिले स्थान दुकानाचा गल्ला हेच आहे. समजा, एखाद्या पेढीचे संकेतस्थळ घरच्या सुनेने उभारले आहे आणि गादी सासऱ्यांकडे आहे. महिनाभर एक साधी वही गल्ल्याशेजारी ठेवावी. ग्राहकाने उच्चारलेला शब्द, जसाच्या तसा, तीत उतरवावा. शुद्ध करू नये, व्यापारी भाषेत बदलू नये. दूरध्वनीवरील चौकशी, व्हॉट्सॲपवर आलेले संदेश, माल परत करताना केलेली तक्रार, हे सारे त्याच वहीत यावे. 'हळद फिकी का पडली?' ही तक्रारही एक शोधशब्दच आहे. तोच प्रश्न आणखी कितीतरी घरांत कोणीतरी टंकत असणार. चाळीस वर्षे गादीवर बसलेल्या गृहस्थांकडे हे भांडार तोंडपाठ असते. संगणक येत नाही म्हणून ते या कामापासून दूर राहतात आणि दुकानाचा अनुभव नाही म्हणून नवी पिढी बाहेरून शब्दांच्या याद्या विकत आणते. एका घरातील ही दोन माणसे एका वहीवर एकत्र बसली, तर पुष्कळसा खर्च वाचेल.

दुसरे स्थान सर्च इंजिन स्वतःच आहे. 'हळद' एवढे टंकून थांबले की खाली सूचनांची यादी उमटते. लोक पुढे काय काय टंकतात, याचा तो अंदाज असतो. निकालांच्या पानावर 'लोक हेही विचारतात' अशा स्वरूपाचे प्रश्न आणि संबंधित शोधही दिसतात. 'गूगल ट्रेंड्स' या विनामूल्य साधनावर दोन शब्दांपैकी कोणता, कोणत्या राज्यात आणि कोणत्या ऋतूत अधिक शोधला जातो, याची तुलना करता येते.

तिसरे साधन 'गूगल सर्च कन्सोल'. तेही विनामूल्य आहे. आपले पान कोणत्या शोधांत दिसले, किती वेळा दिसले, किती जणांनी ते उघडले आणि सरासरी कितव्या क्रमांकावर होते, याचा १६ महिन्यांपर्यंतचा हिशेब त्यात मिळतो. रोजमेळ वाचणाऱ्याला हा हिशेब वाचणे अवघड जाऊ नये. समजा, 'हळकुंडे दळून मिळतील का' या शोधात पान अनेकदा दिसले, पण क्वचितच कोणी उघडले. याचा एक अर्थ असा की लोक दाराशी येत आहेत, पण त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आत आहे असे त्यांना दारावरून दिसत नाही. दळणाची सोय असेल, तर ती पानावर स्पष्ट शब्दांत लिहावी, पानाच्या शीर्षकातही आणावी. सोय नसेल, तर तो शब्द सोडून द्यावा, किंवा गिरणी घालण्याचा विचार करावा. शोधशब्दांची यादी अशा रीतीने बाजाराची मागणीही सांगून जाते.

एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आपल्याकडे रोज येणाऱ्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध पूर्वी कधीच न झालेले असतात, असे गूगलने वेळोवेळी सांगितले आहे. तेव्हा कोणतीही यादी परिपूर्ण असू शकत नाही. हळद, हळदीचा, हळदीला अशी प्रत्येक विभक्ती पानावर बसविण्याचा आटापिटाही करू नये; भाषेतील असे फरक सर्च इंजिन बऱ्याच अंशी स्वतः जुळवून घेते. विषय नीट मांडला, तर न सुचलेल्या शब्दांनीही ग्राहक येतो.

शब्द कोठे आणि किती?

शब्द मिळाल्यावर ते ठेवावयाचे कोठे, याचे उत्तर दुकानाच्या मांडणीसारखेच आहे. पाटीवर जे लिहितो ते पानाच्या शीर्षकात. फळ्यांवरील चिठ्ठ्या म्हणजे उपशीर्षके. आणि ग्राहकाशी होणारे बोलणे म्हणजे मजकूर. मालाच्या छायाचित्राला 'चित्र १' असे नाव न देता 'पॉलिश न केलेली राजापुरी हळकुंडे' असे वर्णन द्यावे. आंबेहळदीच्या पानावरून साध्या हळदीच्या पानाकडे दुवा द्यावा, म्हणजे चुकलेला ग्राहक योग्य ठिकाणी पोहोचेल.

किती वेळा लिहावे, याला आकडा नाही. मजकूर मोठ्याने वाचून पाहणे ही उत्तम कसोटी. 'सांगली हळद हवी असल्यास आमची सांगली हळद ही सर्वोत्तम सांगली हळद असून सांगली हळद खरेदीसाठी…' असे वाक्य गादीवरून कोणी बोलला, तर ग्राहक चकित होऊन त्याच्याकडे पाहील. अशी शब्दांची कोंबाकोंबी गूगलच्या नियमांत स्पष्टपणे गैर ठरविलेली आहे आणि त्यामुळे पान मागे पडू शकते. त्याऐवजी 'ही हळकुंडे शिजवून, उन्हात वाळवून, पॉलिश न करता पाठविली जातात; म्हणून रंग थोडा मातकट दिसतो, दळल्यावर तो खुलतो' हे वाक्य पाहावे. त्यात संबंधित शब्द पुष्कळ आहेत, पण एकही उपरा वाटत नाही, आणि ग्राहकाची एक शंकाही फिटते.

या क्षेत्रात 'एलएसआय कीवर्ड' नावाची एक वस्तू बरीच विकली जाते. या नावाचे मूळ खरे आहे. शब्दांच्या सहवासावरून दस्तऐवजाचा अर्थ ताडण्याची 'लेटंट सिमँटिक इंडेक्सिंग' ही गणिती पद्धत बेलकोरशी संबंधित संशोधकांनीच विकसित केली आणि तिचा विख्यात शोधनिबंध १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु ती मर्यादित संग्रहांसाठी घडविलेली जुनी पद्धत आहे. 'एलएसआय कीवर्ड असे काही नसतेच', असा खुलासा गूगलचे जॉन म्युलर यांनी २०१९ मध्ये केला होता. तेव्हा या भारदस्त नावाखाली शब्दांची तयार यादी कोणी महागात विकू लागला, तर व्यापाऱ्याने सौद्याच्या वेळी वापरतो तोच चोखंदळपणा येथेही वापरावा. पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्यापासून तर दूरच राहावे. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगल स्वतःच सांगते.

जो माल नाही, तो शब्द नाही

आता पतीचा प्रश्न. संबंधित शब्द शोधता शोधता असे काही शब्द समोर येतात, जे लोक पुष्कळ शोधतात, पण जे आपल्या मालाला लागू नसतात. मोह येथेच होतो.

'सांगली हळद' या नावाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. दुसऱ्या भागातून आलेली हळद त्या नावाने विकणे हा १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्याखाली गुन्हा ठरतो. तो शब्द पोत्यावर असो वा संकेतस्थळावर. हळदीसोबत लोक रोगांची नावेही शोधतात. परंतु अन्नपदार्थाने रोग बरा होतो असा दावा करण्यास २०१८ च्या अन्नविषयक जाहिरात नियमांनी मनाई केली आहे, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. शेजारच्या नामांकित पेढीचे नाव आपल्या पानात किंवा जाहिरातीच्या शोधशब्दांत घालणे हाही असाच धोक्याचा मार्ग. जाहिरातीसाठी दुसऱ्याचे बोधनाव शोधशब्द म्हणून घेणे हा त्या नावाचा 'वापर' ठरतो आणि त्यातून ग्राहकाची गफलत झाल्यास तो हक्कभंग होऊ शकतो, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला आहे.

कायद्याच्या पलीकडचीही एक बाजू आहे. मसाल्याच्या पानावर 'जैन' किंवा 'कांदा-लसूण विरहित' हे शब्द घातले की शोधात ते पान एका मोठ्या ग्राहकवर्गापुढे येते. पण तोच मसाला लसणाच्या मसाल्याच्याच गिरणीत, तीच भांडी वापरून दळलेला असेल, तर तो शब्द वाचून पाकीट मागविणाऱ्या घराचा नियम आपल्यामुळे मोडतो, आणि ते त्या घराला कळतही नाही. असा ग्राहक समोर उभा असता, तर गादीवरचे गृहस्थ 'हे आपल्याला चालणार नाही' असे सांगून मोकळे झाले असते. पडद्यावर तो दिसत नाही, एवढाच फरक.

शिवाय खोटा शब्द व्यापारातही टिकत नाही. त्या शब्दाने आलेला ग्राहक पान उघडतो, हवे ते न दिसल्याने परत फिरतो. खरेदी केलीच, तर नापसंतीचा अभिप्राय लिहितो आणि तो अभिप्राय पेढीच्या नावाखाली वर्षानुवर्षे वाचला जातो. खऱ्या शब्दांचे फळ उशिरा मिळते. सुधारणा करून त्यांचा लाभ दिसू लागेपर्यंत साधारणतः चार महिने ते वर्षभराचा काळ लागतो, असे गूगलचेच मार्गदर्शन आहे. हळदीचे पीकही शेतात आठ-नऊ महिने घेते. तेवढा धीर या व्यवसायाला नवा नाही.

सुरुवात मात्र आजच करता येण्याजोगी आहे. संध्याकाळी दुकान बंद करताना रोजमेळाशेजारी ती दुसरी वही उघडावी आणि दिवसभरात ग्राहकांनी कोणकोणत्या शब्दांनी माल मागितला, ते गादीवरच्या वडीलधाऱ्यांनी सांगावे, तरुणांनी लिहून घ्यावे. त्यांतील जे शब्द आपल्या मालाला खरोखर लागू आहेत, तेवढेच उद्या संकेतस्थळावर जावेत. आणि जो शब्द ग्राहकाच्या डोळ्याला डोळा भिडवून उच्चारता येणार नाही, तो वहीतच खोडून टाकावा.